खाली बघून चाल

स्वप्नाला हात दोन आणि पोरं दोन, त्यामुळं लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बरोबर जुळलंय. जवळून बघितलं की कळायचं, आठ महिन्यांच्या चिन्नीला एकटीलाच दोन हात लागतात आणि चार वर्षांच्या अनिरुद्धला, खरं बोलायचं तर, तीन. चिन्नीचं खरं नाव सुजाता. पण खालच्या मजल्यावरच्या तेलुगू मामी पहिल्याच दिवशी तिला चिन्नी, म्हणजे छोटुकली, म्हणाल्या आणि सुजाता हे नाव आधार कार्डापुरतं उरलं.

नारायणगुड्याच्या त्यांच्या गल्लीतून बाहेर पडलं की फूटपाथ सुरू व्हायचा. म्हणजे तसं म्हणायचं. आधी इडलीची बंडी, म्हणजे हातगाडी, मग ट्रान्सफॉर्मर, मग ओळीनं लावलेल्या बाईक, मग दोन फरश्या, आणि तिसऱ्या फरशीच्या जागी नुसतं भोक. चालणाऱ्यानं रस्त्यावर उतरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. स्वप्नाच्या बहिणीनं पुण्याहून हौसेनं बाबागाडी पाठवली होती. ती पहिल्या दिवशी बंडीपर्यंत गेली आणि तिथूनच माघारी आली. तेव्हापासून तिच्यात कांदे-बटाटे असतात.

मग स्वप्नानं स्वतःची पद्धत काढली. चिन्नी पुढं कापडी झोळीत छातीशी बांधलेली, एक हात तिच्या डोक्यामागं. दुसऱ्या खांद्याला पिशवी आणि त्याच हातात छत्री, कारण मे महिन्यात हैदराबादेत बिनछत्रीचं बाळ बाहेर काढणं म्हणजे पापड तव्यावर टाकणं. आता राहिला अनिरुद्ध. त्याच्यासाठी ओढणीचं एक टोक मागं लोंबत सोडलेलं, ते त्याच्या मुठीत. नियम दोनच. ओढणी सोडायची नाही. आणि खाली बघून चालायचं, वर बघायचंच नाही. वर बघितलं की पोरगं पतंग बघतं, विमान बघतं आणि सरळ भोकात जातं. खाली जे दिसेल ते त्यानं सांगायचं. झाकण. खड्डा. पाणी. ती पुढून "हं" म्हणायची आणि तिचं "हं" आलं की त्यानं उडी मारायची.

आठवडाभर रोज सकाळी ही तालीम चालली होती. चौथ्या दिवशी किंग कोठीपर्यंत त्यानं एकदाही मान वर केली नाही, तेव्हा स्वप्नाला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर सोमवारसाठी. नांदेडला लग्नाआधी केलेला लॅब टेक्निशियनचा कोर्स पाच वर्षं सुटकेसमध्ये पडून होता. आता हिमायतनगरच्या एका लॅबनं तिला बोलावलं होतं, सोमवारपासून, सकाळी नऊला. किंग कोठीच्या बाजूला एक पाळणाघर होतं, दोन्ही पोरांना घ्यायला तयार. घरातून तिथवर पंचवीस मिनिटं. नवरा बुद्धभूषण सहालाच बाईकवरून गच्चीबावलीला ड्यूटीवर जायचा. सासूबाई मालनबाई सातला एका हॉस्टेलच्या स्वयंपाकाला. आणि रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं ऐकलं की नुसतं "नक्को" म्हणून मान फिरवायचे. तेव्हा चालणंच आलं.

बुद्धभूषणला विचारलं तर तो म्हणाला, आई हो म्हणाली की माझं हो. हे वाक्य तो कुठल्याही गोष्टीला म्हणायचा, अगदी टीव्हीच्या जागेबद्दलसुद्धा.

आणि आई हो म्हणत नव्हती. नोकरीला तिची ना नव्हती. तिची ना रस्त्याला होती. मालनबाई परभणीकडून हैदराबादला आल्या त्या बांधकामावर. डोक्यावर घमेलं आणि पोटाशी पोर, अशी त्यांनी सहा वर्षं काढलेली. रांगत्या बुद्धभूषणला त्या दोरीनं खांबाला बांधून ठेवायच्या. स्वप्नाची ओढणी बघून त्यांनी कपाळावर हात मारला होता.

"दोरीला गाठ असते बाई. ओढणीला काय असतं? लेकराची मर्जी."

शेवटी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भाकऱ्या थापता थापता त्यांनीच तोडगा काढला. उद्या बुद्धपौर्णिमेची रॅली. नारायणगुड्यातून निघून किंग कोठी, आबिड्स करत नामपल्लीच्या पलीकडं आपल्या विहारापर्यंत. स्वप्नानं दोन्ही लेकरं घेऊन एकटीनं चालायचं. मालनबाई पुढं बायांच्या रांगेत राहतील, मागं वळून बघणार नाहीत, मदत करणार नाहीत. विहाराशी दोन्ही लेकरं धड पोचली, तर सोमवारी खुशाल जा. नाही पोचली, तर चिन्नी अनिरुद्धएवढी होईपर्यंत तो विषय काढायचा नाही.

स्वप्ना लगेच हो म्हणाली. पंचवीस मिनिटांची तालीम झालेली, तासभर काय अवघड होतं.

सकाळी सातला रस्ता पांढरा झाला होता. बायका पांढऱ्या साडीत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात, पोरंटोरं पांढऱ्या कुडत्यांत, आणि वर पंचशीलाचे झेंडे. पुढं टेम्पोवर दोन भोंगे आणि त्यात बसून माईक धरलेले समितीचे भगवंतराव. टेम्पोच्या मागच्याच रांगेत झेंडा घेऊन मालनबाई. निघताना त्यांनी सुनेकडं एकदा पाहिलं, झोळीची गाठ ओढून बघितली आणि पाठ फिरवली ती फिरवलीच.

स्वप्नानंही पांढरी साडी नेसली होती. पदर नेहमीपेक्षा हातभर लांब सोडला होता, अनिरुद्धसाठी. तो खाली बघून इमानदारीत चालत होता. झाकण. हं. चप्पल. हं. शेण. हं, उडी. भोंग्यांच्या आवाजात त्याचं अर्धं ऐकू यायचं नाही, तरी ती अंदाजानं "हं" म्हणत राहिली. किंग कोठी गेली. ऊन चढलं. चिन्नी झोळीत घामेजली होती, पण झोपली होती. स्वप्नाला वाटलं, जमतंय की.

आबिड्सला एका कापड दुकानदारानं ताकाची व्यवस्था केली होती. कागदी ग्लास, त्यात बर्फगार मठ्ठा. तिथं रॅली चेंगरली. सगळ्यांना एकदमच तहान लागली. स्वप्नानं अनिरुद्धला ग्लास दिला तर तो एका हातानं धरायला लागला, कारण दुसऱ्या हातात पदर. ग्लास कलंडला.

"पदर सोड, दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं नाहीच. नियम होता ना. पदर सोडला, दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि खाली मान घालून घटाघटा प्यायला. इतक्यात चिन्नी जागी झाली आणि तिनं स्वप्नाच्या हातातला ग्लास असा ओढला की अर्धं ताक झोळीत. स्वप्ना पुसायला लागली. मागून गर्दी रेटत होती. स्वयंसेवक पुढं चला, पुढं चला करत होते. "झालं? धर आता, चल," ती मान न वळवता म्हणाली, आणि निघाली.

बराच वेळ ती "हं" म्हणत होती. भोंगा थोडा थांबला तेव्हा तिच्या समोर एक उघडं गटार आलं, चांगलं हातभर रुंद. ती वळसा घालून पुढं गेली आणि वाट बघत राहिली. खड्डा, असं काही मागून आलं नाही. तिनं वळून बघितलं. पदर रस्त्यावर लोळत होता आणि त्याच्या टोकाला नुसती माती होती.

ओरडायला तोंड उघडलं होतं तिनं. पण चाळीस पावलांवर मालनबाईंची पाठ दिसली. झेंडा सरळ, मान ताठ, ठरल्याप्रमाणं एकदाही मागं न वळलेली. स्वप्नानं तोंड मिटलं. दोन मिनिटांत सापडेल, तिनं स्वतःला सांगितलं. ताकापाशीच असेल. कुणाला कळायचंसुद्धा नाही.

ती गर्दीच्या उलट्या दिशेनं निघाली. प्रवाहाविरुद्ध चालणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते तिनं सगळं ऐकून घेतलं. चिन्नी आता रडत होती, ताकानं चिकट झालेली, भुकेली. स्वप्ना प्रत्येक पोराचं तोंड बघत होती. पोरं सगळी पांढऱ्या कुडत्यात. एक रडणारं दिसलं, ती धावली, ते दुसऱ्याचं निघालं. त्याची आई तिच्याकडं चोरट्याकडं बघावं तशी बघायला लागली.

तेवढ्यात त्यांच्याच गल्लीतली वंदना समोर आली. ही वंदना म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र, आणि मालनबाईंची खास.

"काय गं, उलटी कुठं चाललीस? अनिरुद्ध कुठंय?"

"आजीपाशी," स्वप्ना म्हणाली.

किती सहज निघालं ते तोंडातून. वंदना बरं म्हणून पुढं गेली. स्वप्नाचे कान तापले, पण पाय थांबले नाहीत.

ताकवाल्यापाशी ग्लासांचा ढीग पडला होता आणि अनिरुद्ध नव्हता. तिनं दुकानदाराला खुणेनं उंची दाखवली, कुडता दाखवला. तो भला माणूस होता. त्यानं नोकरांना विचारलं, आत गल्ल्यामागं बघितलं, मग हात पसरले.

"बच्चा तो कोई नै रोया यहाँ, अम्मा. रोता तो मालूम पडता ना."

स्वप्ना तिथंच थबकली. रडला असता तर कळलं असतं. पण तो का रडेल? तो हरवलाय हे त्याला कुठं ठाऊक होतं. ताक पिऊन झालं, आईनं धर म्हटलं, समोर पांढरा पदर होता, त्यानं धरला. वर बघायचं नाही हे त्याला कुणी शिकवलं होतं? तिनंच. आठवडाभर, रोज, शाबासकी देऊन. आता तो कुठल्यातरी बाईच्या मागं खाली मान घालून, झाकण, खड्डा, पाणी करत चालला असेल. ती बाई रॅलीतच असेल तर ठीक. पण ताक पिऊन अर्ध्यातून घरी वळलेल्या बायका काय थोड्या होत्या? कुणी बस स्टॉपकडं गेलेली, कुणी बेगम बाजाराच्या अंगाला. आणि त्या बाईला, बघणाऱ्याला, पोलिसाला, कुणालाच काही वाटणार नव्हतं. आईचा पदर धरून चाललेलं शहाणं लेकरू. अशा लेकराकडं कोण बघतं?

रडणारं पोरगं शोधण्यात तिनं दहा मिनिटं घालवली होती. कदाचित त्याच्या शेजारून गेलीही असेल.

आता एकटीनं शोधून भागणार नव्हतं. ती पुन्हा वळली आणि पळत सुटली. पळत म्हणजे झोळीतलं बाळ सावरत, साडी गोळा करत, जसं पळता येईल तसं. छत्री कुठं पडली तिला कळलं नाही. टेम्पो नामपल्लीच्या वळणाला लागला होता. बायांच्या पहिल्या रांगेशी ती आली. मालनबाई हाताच्या अंतरावर होत्या. चिन्नीचं रडणं ऐकून त्यांनी मान वळवली, शब्द मोडला. सुनेच्या मागं त्यांना कुणी दिसलं नाही. त्यांच्या ओठांवर प्रश्न आला.

स्वप्ना थांबली नाही. तिला त्या डोळ्यांत बघायचंच नव्हतं. ती तशीच पुढं गेली, टेम्पोच्या फळीला हात घालून वर चढली आणि भगवंतरावांना म्हणाली, माईक द्या. ते गाथा म्हणता म्हणता गोंधळले. तिनं माईक घेतला, मागितला म्हणण्यापेक्षा ओढलाच.

"बायांनो, थांबा. आपापला पदर बघा. माझं लेकरू कुणाच्यातरी पदराला धरून चाललंय. पांढरा कुडता आहे, चार वर्षांचं आहे, अनिरुद्ध नाव आहे. ते रडत नाहीये. त्याला वाटतंय, ती मीच आहे."

भोंगे बंद झाले. एवढ्या मोठ्या रस्त्यावर नुसती चिन्नी रडत होती. मग एक एक करत बायका वळल्या. कुणी पदर हातात घेऊन बघितला, कुणी स्वतःभोवती गिरकी घेतली. एका आजीनं पदर झटकलासुद्धा. कुणाच्याच पदराला काही नव्हतं.

स्वप्नाला वाटलं, संपलं.

पण भोंग्याचा आवाज शेवटापर्यंत पोचत नव्हता हे बायकांनी तिच्या आधी ओळखलं. मागच्या रांगेनं आणखी मागं सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागं. पदर बघा गं, पदर बघा, असं ते वळणापलीकडं ऐकू येईनासं होत गेलं. टेम्पोवर उभी राहून स्वप्नाला नुसती वळणारी डोकी दिसत होती. फार वेळ लागला. मग लांबून एक झेंडा आडवा हलायला लागला, आणि तो निरोप तितक्याच हळूहळू पुढं आला. आहे, आहे. इंदुताईंपाशी आहे.

इंदुताई रॅलीच्या अगदी शेपटाला होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या दर वर्षी सगळ्यांच्या मागून येतात. स्वप्ना पोचली तेव्हा त्या फूटपाथच्या कडेला टेकल्या होत्या आणि त्यांच्या पदराचं टोक मुठीत घेऊन अनिरुद्ध उभा होता. खाली बघत.

"अगं, मला वाटलं ह्या शेजारच्या बाईचं," इंदुताई म्हणाल्या. "तो झाकण म्हणायचा, मी हं म्हणायची. म्हटलं, गुणी लेकरू आहे, खेळतंय आपलं आपलं."

स्वप्ना खाली बसली आणि तिनं त्याची हनुवटी वर केली. त्यानं आधी तिच्याकडं बघितलं. मग मुठीतल्या पदरावरून नजर वर वर नेत इंदुताईंचा सुरकुतलेला चेहरा बघितला. पुन्हा तिच्याकडं. तेव्हा कुठं त्याला कळलं आणि तो असा रडला, की झाल्या प्रकाराचं सगळं रडणं त्यानं एकदमच काढलं. स्वप्ना त्याला जवळ ओढायला गेली तर तो मागं सरला. दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपून बघितला, नाक, कान, टिकली. मग आला.

मालनबाई पाठोपाठ पोचल्या होत्या. धापा टाकत, झेंडा कुणाच्यातरी हातात देऊन. त्या काही बोलायच्या आत वंदनाच बोलली, वाईट हेतूनं नाही, नुसतं नवल म्हणून. म्हणाली, अगं मला तर तू मघाशी म्हणालीस की आजीपाशी आहे.

मालनबाईंनी सुनेकडं बघितलं. मघाशी म्हणजे कधी, त्यांनी वंदनाला विचारलं. वंदना चाचरली. ताकापाशी, ती म्हणाली. त्या आकडेमोडीला फार हुशारी लागत नव्हती.

मालनबाईंनी अनिरुद्धला उचलून कमरेवर घेतलं आणि विहारापर्यंत खाली ठेवलं नाही. स्वप्ना मागून चिन्नीला घेऊन चालत राहिली. दोन्ही लेकरं पोचली, पण ठरल्यासारखी नाही, हे दोघींनाही माहीत होतं. बुद्धवंदना झाली, प्रवचन झालं, त्यातलं एक अक्षर स्वप्नाच्या कानात शिरलं नाही. सुटकेस तिला दिसत होती, कपाटावरची, आणि सुटकेसमधलं सर्टिफिकेट. तिनं ते मनातल्या मनात परत ठेवून कुलूप लावलं.

विहाराच्या मागं पिंपळाखाली ती चिन्नीला पाजत बसली होती तिथं मालनबाई आल्या. शेजारी बसल्या. आपल्या पायांच्या भेगा बघत राहिल्या.

"मी हाताएवढ्या अंतरावर होते," त्या म्हणाल्या.

स्वप्ना खरं तेच बोलली. तुम्हाला कळलं असतं तर सोमवारी जाऊ दिलं नसतं, म्हणून आधी नाही सांगितलं.

"नसतंच दिलं," मालनबाई म्हणाल्या. "पाचशे बायांना सांगितलंस. भोंग्यावरून सांगितलंस. माझा नातू हरवला हे मला भोंग्यातून कळलं गं. एवढी का मी वाईट?"

स्वप्नाला रडू आलं, पण रडणं सोपं वाटलं म्हणून तिनं ते गिळलं. नाही, एवढंच म्हणाली.

"जा सोमवारी," मालनबाई उठत म्हणाल्या. "मी अडवते म्हणून तू खोटं बोलणार असशील, तर मी नाही अडवत. पण पुन्हा लेकरू दिसेना झालं, तर आधी मला सांगायचं. मग भोंग्याला."

आणि त्या भोजनदानाचं वाढप करायला निघून गेल्या. पाठीवरून काही कळत नव्हतं. हेच ऐकायला स्वप्ना महिनाभर झुरत होती. आता ऐकलं तर ते तिला आत कुठं ठेवायचं तेच सुचेना.

दुपारी ती पोरांना घेऊन एकटीच परत निघाली. रिक्षावाल्यानं नारायणगुड्याच्या चौकात अलीकडंच उतरवलं, पलीकडं वळायला लांबचा फेरा पडतो म्हणून. रस्ता ओलांडला की त्यांची गल्ली. हाच चौक सोमवारपासून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

सिग्नल पडला. गाड्या थांबल्या. अनिरुद्ध पदर धरायला तयार नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत उभा होता, सारखा, डोळे न हलवता. त्याच्या पायापुढंच फूटपाथची एक फरशी उखडलेली होती. खाली बघ, असं तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

गाड्या सुटल्या. पुन्हा थांबल्या. पुन्हा सुटल्या. शेजारची माणसं दोनदा बदलली.

"मम्मी, चल ना," अनिरुद्ध म्हणाला.

तिसऱ्यांदा गाड्या थांबल्या तेव्हा तिनं पिशवी गळ्यात अडकवली, मोकळ्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि उतरली. अर्ध्या रस्त्यात तो कळवळून म्हणाला, दुखतंय.

तिनं मूठ सैल केली नाही.